जमतंय की

उत्तरेश्वर पेठेत, बोळाच्या वळणावर
दस्तगीर मुल्लाणींची गिरणी.
पट्टा फिरायचा, पत्रा थरथरायचा,
घड्याळाच्या काट्यांवरसुद्धा पीठ.

मी नऊ वर्षांची. नाव तनुजा तोडकर.
म्हणजे नावात दोनदा त,
आणि माझी जीभ त-वर बसायची
म्हैस रंकाळ्यात बसते तशी,
उठवावी तितकी आत.

हजेरीत माझा नंबर आला की
मागून कुणीतरी आधीच म्हणायचं, त त प प.
बाई हसायच्या नाहीत.
नुसतं म्हणायच्या, "बस खाली."
बाकाचा तो वर आलेला खिळा
मला अजून आठवतो.
घरी आबा : "तोंडात काय गुळाचा खडा धरलायस?"
आत्यानं नवस बोललेला.
तशी माझ्या वतीनं सगळीकडे तीच बोलायची.

म्हणून मला दळणाला जायला आवडायचं.
तिथं कुणाचंच कुणाला ऐकू येत नसे.
मामा डब्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्यापुढं करायचे,
"चष्मा पिठानं भरलाय. वाच की जरा."
आणि मी ओरडून वाचायचे :
मंडलिक. जोंधळा. बारीक.
अत्तार. गहू.
सासने. हरभरा, बेसनाला.
"जमतंय की!"
एवढंच. आणि पुढचा डबा.
पाठ थोपटली नाही कधी, गोळी-बिस्कीट नाही.
डोळे तर जात्याकडेच असायचे.

आमचा डबा मात्र मी
पायानं हळूच मागं सारायचे.
एका सोमवारी नेमका तोच त्यांच्या हातात.
"आन् ह्यो कुणाचा?"

मी तोंड उघडलं
आणि वीज गेली.

पट्टा सुस्कारत सुस्कारत थांबला.
बोळातली सायकल ऐकू आली, कुठंतरी कुकर,
आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझा
त,
त,
त,
अंगावर काही न घेता उभा.
पाच-सहा बायका. एकीनं पदर तोंडाला लावला.

मामा डबा धरून उभेच.
दहा किलोचा होता. खाली ठेवला नाही.
मग म्हणाले,
"दाणं बघितलीस का जात्यात पडताना?
थांबत थांबतच पडत्यात.
पीठ सलग येतंय का न्हाई?
आन् घाई कुणाला हाय हितं.
लाईट तर गेलीया."

तोडकर, मी म्हणाले.
तांदूळ. भाकरीला.

तांदूळ त्यांनी विचारलेला नव्हता.
तो जास्तीचा त मी आपणहून घेतला.

पुष्कळ वर्षांनी त्यांचा इर्शाद भेटला गंगावेशीत,
दुधाचा पेला हातात.
म्हणाला, अब्बांचे कान गिरणीनंच खाल्ले,
उजवा पार, डावा निम्मा.
तुम्ही यायचा तेव्हा तर काहीच येत नव्हतं ऐकू.

मग दोन वर्षं ते काय ऐकत होते?
ओठ बघत असतील.
नाहीतर गळ्याची ताठलेली शीर.
की कुणाही पोराला म्हणायचे तसंच मला?
रात्रभर मी ह्याच्यावर विचार केला
आणि सकाळी डबा भरून कामावर गेले.

सीपीआरला केसपेपरच्या खिडकीत असते मी.
अजून अडते. फोनवर जास्त.
आज एक पोरगं आलं, कोपराला फडकं बांधलेलं.
"नाव?"
आई म्हणाली, थांबा, मी सांगते.
मी पेन वर केलं : त्याला सांगू दे.

ते प-वर अडलं.
मान वाकडी, डोळे मिटलेले, प, प,
मागं रांग दारापर्यंत,
कागलचे एक पाव्हणे घड्याळ बघायला लागलेले,
आतून साहेबांची घंटा.

माझा त. त्याचा प.
वर्गातली ती पोरं आठवली,
आणि पहिल्यांदाच हसू आलं.

पेन खाली ठेवलं नाही. हात भरून आला तरी.
"जमतंय की," मी म्हणाले,
अजून काहीच जमलेलं नसताना.